घराखालची जमीन

टोकावड्याजवळच्या कातकरी वाडीत मी वाढलो, पण वर्षातले निम्मे महिने आमचा मुक्काम वीटभट्टीवर असे. दिवाळी सरली की बाप शेठकडून उचल घ्यायचा आणि पोराबाळांसकट आम्ही भिवंडीकडे निघायचो. भट्टीवरची खोपी आम्हीच पाडलेल्या विटांची. गारा न लावता नुसत्या एकावर एक रचलेल्या. पाऊस तोंडावर आला की आमच्या भिंतींच्या विटाही मोजून ट्रकात चढायच्या.

वाडीवर परतलो तरी पायाखालची जमीन परक्याचीच. आज्याच्या आधीपासून आमची घरं तिथं, सातबाऱ्यावर नाव मात्र मालकाचं. माळशेजच्या रस्त्याला फार्महाऊससाठी गिऱ्हाइकं फिरू लागली, जमिनीला भाव आला आणि एके सकाळी कुंपणाचे खांब येऊन पडले.

मुरबाडच्या या पट्ट्यात इंदवीताई तुळपुळे आणि श्रमिक मुक्ती संघटनेनं आदिवासींचे लढे उभे केले. अशा कामातून घडलेली एक कार्यकर्ती तेव्हा आमच्या वाडीत आली. तिला आम्ही ताईच म्हणायचो. थंडीत चादरी वाटणारे लोक आम्ही पाहिले होते. ताईनं काही वाटलं नाही. तिनं म्हाताऱ्यांना विचारलं, "इथं पहिलं घर कुणाचं?" मग आजीनं चिंच दाखवली, जुना चौथरा दाखवला, आणि पोरांनी कोळशानं पुठ्ठ्यावर वाडीचा नकाशा काढला. १९४८च्या कूळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घरालाही संरक्षण आहे, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं.

अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो तेव्हा साहेब सगळं ताईलाच विचारू लागले. ती खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "यांच्याशी बोला. जागा यांची आहे." माझी आय उभी राहिली आणि बोलली. गावात चोरी झाली की पहिला संशय ज्यांच्यावर, त्यांच्यातली ती बाई. तिचं बोलणं त्या दिवशी लिहून घेतलं गेलं.

ताईचं माझ्यावरचं ऋण हे आहे. बेघरपण कुणाच्या कपाळी लिहिलेलं नसतं, ते जातीच्या उतरंडीतून येतं, हे तिनं मला उमजवलं. अमेरिकेतही लोकसंख्येत जेमतेम १३ टक्के असलेले काळे लोक बेघरांमध्ये जवळपास एकतृतीयांश आहेत. जिथं माणसाला आधी खाली ढकललं जातं, तिथंच त्याचं छप्परही आधी जातं. म्हणून निवारा देणाऱ्यानं न्यायाचंही बोललं पाहिजे.

कुंपण थांबलं, जागेचे कागद अजून पुरे झालेले नाहीत. २०२३मध्ये पीएम-जनमन ही सरकारी योजना आली, महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना घरकुलाचे दोन लाख मिळू लागले. पण ज्याच्या नावावर जागाच नाही, त्यानं ते घर बांधायचं कुठं? आता मी वाड्यावाड्यांवर जाऊन पोरांना सातबारा वाचायला शिकवतो आणि कचेरीत त्यांच्या आयांना पुढं बसवतो. घरकुलाआधी घराखालची जमीन नावावर करा, ही आमची मागणी आहे. ती मांडायची हिंमत मला ताईनं दिली, आणि मागणी पुरी होईतो मी मांडत राहणार.