अण्णांच्या बॅगेचा रंग

आपल्याला ज्यातले कळत नाही त्यात हात घालू नये, हे दरवर्षी वर्गातल्या शंभर-सव्वाशे मुलांना बजावून सांगणारा मी, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगाची एक बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन वडिलांच्या चामड्याच्या बॅगेपुढे मांडी घालून बसलो.

बॅग साधीच. अण्णा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून पदवी घेऊन १९६९ साली मास्तर झाले आणि पहिल्या पगारातून त्यांनी ती तिथल्याच एका कारागिराकडून शिवून घेतली. जाड, अंगचे मधाच्या रंगाचे कातडे, त्याचेच झाकण, चामड्याच्याच वादीची शिवण. पुढे केव्हातरी मूठ तुटली. ती दुरुस्त करण्याऐवजी अण्णा बॅग बगलेत मारून चार बोटे तळाखाली घालून नेऊ लागले, आणि पंचवीस-तीस वर्षे तशीच नेत राहिले. अण्णा गेले त्याला आता दोन वर्षे होतील. बॅग कपाटावर पडून होती. सुकून तिच्या अंगावर बारीक सुरकुत्या आल्या होत्या, रंग विटला होता. तिला जरा ‘नवी’ करावी असे माझ्या मनात आले.

बाटली आमच्या कन्येची. अकरावीत गेल्यापासून तिला चामड्याच्या वस्तू करण्याचा नाद लागला आहे. घरात जिकडे तिकडे तुकडे, दाभण आणि मेणाचा दोरा. बाटलीवर ‘टॅन’ असे लिहिलेले होते. दुकानदाराने ‘कुठल्याही चामड्याला चालतो’ म्हणून ती दिली होती. कन्या म्हणाली, “बाबा, आधी एखाद्या तुकड्यावर करून बघा.” बाबांनी बघितले नाही. झाकणावर पहिला पट्टा ओढला तो ब्रश टेकताक्षणीच कातड्याने पिऊन टाकला. दुसरा पट्टा पहिल्यावर थोडा चढला, तिथे काळपट रेघ उठली. ती लपवायला तिसरा हात दिला. पाच मिनिटांत झाकण वाघाच्या कातड्यासारखे पट्टेरी झाले, मधेच दोन तेलकट डाग कोरेच राहिले, आणि रंग वाळल्यावर त्यावर माशीच्या पंखासारखी हिरवट-सोनेरी झाक चमकू लागली. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून येऊन पाहिले आणि त्या एवढेच म्हणाल्या, “आता बाकीच्या बॅगेला हात लावू नका.”

म्हणून गणपती उठल्यावर आम्ही बाप-लेक पुण्याहून कोल्हापूरला गेलो. जिथे ती शिवली तिथेच तिचे औषध मिळेल, असा आपला माझा भाबडा हिशेब.

कोल्हापुरात सकाळी उतरून अंबाबाईचे दर्शन आणि त्यानंतर डोळ्यांत पाणी आणणारी मिसळ, हा क्रम चुकवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो आटोपून आम्ही चप्पल लाइनीत शिरलो. दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांच्या कपाळावर चपलांची तोरणे. कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाळी, नावे घ्यावीत तेवढी थोडीच. कन्येचे लक्ष मात्र रंगांवर. मधाचा, विटकरी, डाळिंबी, काळा, आणि अलीकडे निळा अन् गुलाबीही. तिने एका जोडाची कडा निरखली, नखाने दाबून पाहिली आणि मला हळूच म्हणाली, “बाबा, हा वरून रंगवलाय. आतली कडा बघा, निळसर राखाडी आहे.” दुकानदाराने आमच्याकडे पाहिले ते काही फारसे कौतुकाने नव्हे.

या निळसर कडेत सगळे रहस्य आहे. कातडे टिकाऊ करण्याच्या रीती मुख्यतः दोन. एक जुनी, झाडांच्या साली-फळांची. दुसरी क्रोमियमच्या क्षारांची, कारखान्यातली. क्रोमचे कातडे एक-दोन दिवसांत तयार होते, मऊ असते, पण निघते निळसर. मग त्याला कारखान्यातच पिंपात घालून रंग मुरवतात आणि वरून लेप देतात. अशा लेपाच्या चामड्यावर घरी बाटलीतला रंग लावणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सालीचे कातडे आतून-बाहेरून तपकिरी असते, आणि त्याला तहान असते. ओळखायची खूण सोपी. पाण्याचा एक थेंब टाकावा. तो मुरून तिथे गडद डाग पडला, तर हाताने लावलेला रंग चढेल. थेंब मण्यासारखा घरंगळला, तर बाटलीचे बूच लावून टाकावे.

चौकशी करत आम्ही सुभाषनगरात पोचलो. चप्पल शिवणाऱ्यांची तिथे बरीच घरे. एका ओसरीवर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा गुडघ्यापाशी फरशी ठेवून रापीने तळ कापत होते. शेजारी त्यांचा मुलगा वेणी विणत होता. मी बॅग पुढे केली. आजोबांनी चष्मा वर सरकवला, झाकण पाहिले आणि तोंडाने ‘च्च’ असा आवाज काढला.

“मास्तर, ह्ये काय केलंसा?”

मी मास्तर आहे हे त्यांना कसे कळले कोण जाणे. मी हकीकत सांगितली.

“तानल्यालं कातडं हाय ह्ये. तानल्याल्या माणसाला एकदम तांब्या दिला तर काय करंल? ठसका लागंपतोर पिईल. तसंच झालंय. आदी त्याल पाजायचं, येक रात ठिवायचं, मग रंगाचं बघायचं.”

ठसक्याची ही उपमा मी अलंकाराच्या तासाला वापरायचे ठरवले आहे. बाटलीतला रंग स्पिरिटात विरघळवलेला होता. स्पिरिट भसकन आत शिरते आणि तितक्याच घाईने उडून जाते. मागे रंग जिथे पडला तिथे राहतो आणि कातडे आणखी कोरडे होते. म्हणून पट्टे. जिथे अण्णांच्या हाताचे तेल मुरले होते तिथे तो शिरलाच नाही. म्हणून कोरे डाग. आणि ती हिरवट चमक म्हणजे कातड्याला न पेललेला, वरच साचलेला रंग. पाण्यातला रंग सावकाश जातो, चुका सावरायला वेळ देतो, कातडेही त्यामानाने मऊ राहते. पण त्यालाही पातळ करून, कापडाच्या बोळ्याने, गोल गोल फिरवत दोन-तीनदा द्यावे लागते. तिसरा प्रकार रंगलेपाचा, म्हणजे जवळजवळ ऑइलपेंटच. तो आत जात नाही, वर बसतो. सगळे दोष झाकतो, आणि घडी पडते तिथे तडकतो.

आजोबांच्या मुलाने हाच तिसरा उपाय सुचवला. “सगळ्या बॅगेवर एकच कोट मारू. शोरूमसारखी दिसंल.” मला मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. माझा गुन्हा एका कोटाखाली कायमचा गाडला जाणार होता.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी बॅग उलटी केली आणि तळाच्या कडेवर अंगठा फिरवला. तिथे चार गडद, गुळगुळीत खोलगट खुणा होत्या. मी त्या बॅगेकडे पन्नास वेळा पाहिले असेल, पण या खुणा मला दिसल्या नव्हत्या.

“ही कुणाची बोटं?”

“वडिलांची.”

“मग ह्येच्यावर कोट मारायचा?”

बॅग तेल पिण्यासाठी त्यांच्याकडे ठेवून आम्ही दुपारी कातडे कमावण्याची जागा पाहायला गेलो. आधी वासाविषयी सांगून टाकतो. पहिली दहा मिनिटे नाकाला रुमाल लागतो. नंतर तो खिशात जातो, आणि ज्यांना तिथे आयुष्य काढावे लागले त्यांची आठवण होऊन आपल्यालाच आपली लाज वाटते. या वासावरूनच शतकानुशतके माणसांना गावाबाहेर बसवले, आणि त्यांनी कमावलेले मात्र सगळ्या गावाने पायांत घातले.

चुन्याच्या पाण्यात कातडी भिजवून केस काढतात. मग धुऊन, पिशवीसारखी शिवून, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून टांगतात. काढा थेंब-थेंब झिरपत राहतो, तो पुन्हा भरतात, पिशवी उलटी करतात. कामाला महिना सहज जातो, पावसाळ्यात त्याहून अधिक. बाभळीचा तपकिरीपणा आणि हिरड्याचा पिवळेपणा मिळून तो मधाचा रंग तयार होतो. म्हणजे कोल्हापुरी चपलेचा मूळ रंग हा लावलेला रंगच नव्हे. पुढे तेल आणि ऊन त्याला आणखी गडद करत नेतात. ‘कमावणे’ हे क्रियापद आपण पैशाला लावतो, शरीराला लावतो, गवयाच्या आवाजाला लावतो. टांगलेल्या त्या पिशव्यांखाली उभे राहिल्यावर या तिन्ही अर्थांना किती दिवस लागत असतील, याचा अंदाज येतो.

अशा जागा आता थोड्या उरल्या आहेत. बरेचसे कातडे बाहेरून येते. शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. त्यांना जाऊन, म्हणजे १९२२ पासून, आता शतक उलटले. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या घराण्याने मिलानच्या प्रदर्शनात अशाच घाटाच्या चपला पुरुषांच्या पायांत घालून मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. ओरड झाल्यावर मग मान्य केले. जोडाची किंमत लाखाच्या घरात असल्याचे छापून आले होते. आजोबांना मी त्याविषयी विचारले तर ते म्हणाले, “त्येंनी रंग चांगला ठिवला हुता. न्हाई लावला.” कारागिराने कारागिराला दिलेली ती पावती होती. बाकीच्या गोष्टी त्यांच्या मुलाने रागाने सांगितल्या, आणि त्याचा राग मला रास्त वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग ओळखू येईना. तेलाने ती दोन छटा गडद झाली होती, सुरकुत्या निवल्या होत्या, आणि सुकलेल्या रंगाखाली दडलेला मध पुन्हा वर आला होता. नुसते तेल पाजून भागले असते ते मी रंगवायला गेलो होतो! प्रश्न उरला तो झाकणाचा.

कन्येने विचारले, “आजोबा, पट्टे फिकट नाही करता येणार?”

“बाळ, रंग पुढं जातो, मागं येत न्हाई. वरचा निघंल, आतला न्हाई.”

मग काळ्याचा विषय निघाला. काळ्यासाठी जुन्या रीतीत बाटली लागतच नाही. हिराकस पाण्यात विरघळवून सालीच्या कातड्यावर फिरवले की ते बघता बघता काळे होते. रंग बाहेरून येत नाही. कातड्यात मुरलेला हिरड्या-बाभळीचा तुरटपणा आणि लोखंडाचा क्षार एकत्र येऊन तो तिथल्या तिथे जन्मतो. म्हणून ओल्या कातड्याजवळ गंजका खिळासुद्धा ठेवत नाहीत. आजोबांनी एका तुकड्यावर बोळा फिरवून दाखवला. पावसाचा ढग यावा तसा काळोख पसरत गेला.

हिरडा आणि हिराकस! मी मराठीचा मास्तर. ही जोडी मला शाईमुळे ठाऊक. याच दोघांच्या संगतीने काळी शाई होते, आणि हिराकसाचा हात सैल पडला की अक्षरच कागद खाते, ओळीच्या जागी भोके राहतात. मी तसे म्हटल्यावर आजोबा म्हणाले, “कातडंबी खातंय. म्हणून वरनं सोड्याचं पाणी फिरवायचं आणि पुन्हा त्याल. न्हाईतर चार वर्सांत मोडंल.”

काळा केला तर झाकण एकसारखे झाले असते यात शंका नव्हती. पण काळ्या झाकणाखाली मधाचे अंग म्हणजे दोन बॅगा एकीला एक जोडल्यासारख्या दिसल्या असत्या. सगळीच बॅग काळी करावी, तर चार बोटे त्या अंधारात जाणार. मी घुटमळत राहिलो. निर्णय शेवटी सोळा वर्षांच्या मुलीने घेतला. “अंगाला काही लावायचं नाही. फक्त झाकण, आणि ते गडद तपकिरी. पट्टे थोडे दिसले तर दिसू देत.”

आजोबांनी स्पिरिटच्या फडक्याने हिरवट चमक पुसून काढली. फडके तांबडेलाल झाले. मग हलके तेल, दुपारपर्यंत विश्रांती, आणि पाण्यातला तपकिरी रंग चहासारखा पातळ करून बोळा कन्येच्या हाती दिला. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “तुमी लांब बसा.” आधी तुकडा, मग झाकणाची आतली बाजू, आणि मगच वर. तीन हात झाले. प्रत्येक हात वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासून बघायचे. फडक्याला रंग लागायचा थांबला तेव्हा मेण. हे घासणे आजोबा फार महत्त्वाचे मानतात. न पुसता विकलेल्या चपलेचा रंग पहिल्या पावसात टाचेला लागतो, आणि गिऱ्हाईक दुकानदाराला नाही, कारागिराला शिव्या देते.

पट्टे पुरते गेले नाहीत. तिरप्या उजेडात तीन रेघा अजून दिसतात.

आजोबांनी दिवसाची मजुरी चारशे रुपये सांगितली. मी पाचशेची नोट पुढे केली तर त्यांनी मुलाकडून सुटे मागवून शंभर परत दिले. “मूठ लावू का नवी?” म्हणून त्यांनी विचारले. मी कन्येकडे पाहिले, तिने मान हलवली. मूठ लावली नाही.

घरी आल्यावर चार दिवस बॅग गॅलरीत वर्तमानपत्रावर सावलीत ठेवायची, असा मला हुकूम झाला. मला तेवढा धीर निघाला नाही. तिसऱ्याच दिवशी बगलेत मारून ती कॉलेजात नेली, आणि पांढऱ्या सदऱ्यावर काखेपासून कमरेपर्यंत तेलाचा पट्टा उठला. सौभाग्यवतींनी तो तीनदा धुतला. अजून निघालेला नाही.