पस्तीस अंशांची परीक्षा

माझा भाचा पुण्यात संगणकांची परीक्षा घेतो. कचेऱ्यांसाठी नवे यंत्र घडत असतानाच तो ते गरम पेटीत तासन् तास चालवतो, त्याला हादरे देतो, विजेचा दाब २३० व्होल्टांच्या खालीवर करतो. २०१२ च्या सरकारी आदेशाने भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीही सक्तीची केली; पण ती पाहते विजेचा झटका नि आग. यंत्र तग धरील का, ते नव्हे.

मी मूळचा नांदेडचा. लातूरला डाळमिलमध्ये हिशेबनीस. यंदाच्या वैशाखात पारा चाळिशीपार, डोक्यावर पत्रा, आणि ऐन शनिवारी आमच्या संगणकाने डोळे मिटले. हमालांची हजेरी त्याच्या पोटात! मी आठवून आठवून पगार वाटला. एकाचे दोन दिवस राहिले. तो काही बोललाही नाही.

भाच्याला फोन केला. “मामा, माहितीपत्रकात १० ते ३५ अंशच लिहिलेत.”

कोणाच्या वैशाखातले हो हे ३५?

महालक्ष्म्यांना तो नांदेडला आजोळी आला. यंत्राच्या पंख्यातला तुरीचा भुसा मी पुडीत बांधून ठेवला होता. म्हटले, “हा घाल तुझ्या पेटीत.”

“भाच्याला डाळ द्यायची सोडून भुसा देताहेत!” सौभाग्यवती पुटपुटल्या.

त्याने पुडी हुंगली आणि जपून खिशात घातली.