ऐकणें आणि ऐकविणें

मनुष्याला डोळे मिटतां येतात, पण कान मिटतां येत नाहींत. निद्रेंतही ते उघडेच असतात. असें असूनही ऐकण्याची कला आपणांपैकीं थोड्यांनाच साधते, हें नवल आहे. शाळेंत आम्ही मुलांना वाचावयास शिकवितों, लिहावयास शिकवितों, वक्तृत्वस्पर्धेसाठीं बोलावयासही शिकवितों. ऐकावयास मात्र 'गप्प बसा' एवढ्या दोन शब्दांनींच शिकवितों. गेल्या कांहीं वर्षांत मला पॉडकास्ट ऐकण्याचा छंद लागला व पुढें विद्यार्थ्यांबरोबर ते तयार करण्याचाही योग आला. त्यांतून श्रवणाविषयीं जें कांहीं उमगलें, तें या वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, ठेवावेंसें वाटतें.

पॉडकास्ट म्हणजे काय, हें मुलांना सांगावें लागत नाहीं. वडील मंडळींसाठीं थोडें सांगतों. रेडिओवरील भाषणासारखें किंवा संवादासारखें हें ध्वनिमुद्रण असतें. परंतु तें ठराविक वेळेची वाट पाहावयास लावीत नाहीं. आपल्या सवडीनें लावावें, हवें तेथें थांबवावें, पुन्हां ऐकावें. यामागील युक्ति अगदीं साधी आहे. कार्यक्रम करणारा आपलीं ध्वनिमुद्रणें इंटरनेटवर ठेवतो व त्यांची यादी एका लहानशा फाइलींत लिहितो. या यादीस 'आर.एस.एस. फीड' म्हणतात. श्रोत्याच्या मोबाइलमधील ॲप ती यादी वरचेवर पाहतें आणि नवा भाग आला कीं आणून देतें. वर्गणीदाराच्या घरीं पोस्टानें मासिक यावें, तसाच हा प्रकार. अशा यादीला ध्वनि जोडण्याची सोय अमेरिकेंतील डेव्ह वायनर यांनीं केली व ॲडम करी प्रभृति मंडळींनीं तिचा प्रसार केला. ॲपल कंपनीचें आयपॉड हें यंत्र २००१ सालीं निघालें होतें. तें नांव व 'ब्रॉडकास्ट' हा शब्द यांची सांगड घालून बेन हॅमर्स्ली या पत्रकारानें २००४ सालीं इंग्लंडच्या 'गार्डियन' पत्रांत 'पॉडकास्टिंग' हा शब्द लिहिला. २०२२ सालीं कंपनीनें आयपॉड बंद केला. यंत्र गेलें, शब्द मात्र राहिला.

या शोधाचें महत्त्व कळण्यासाठीं रेडिओची आठवण करावी. ता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. अशा केंद्रास परवाना हवा, उंच मनोरे हवेत, इंजिनिअर हवेत, मोठें भांडवल हवें. त्यामुळें कोणी बोलावें हें ठरविणारा कोणीतरी दारांत उभा असे. आज आठवीच्या मुलीनें आपल्या खोलींत बसून केलेला कार्यक्रम आणि लंडनच्या नामांकित संस्थेचा कार्यक्रम एकाच वाटेनें श्रोत्याच्या कानीं पोंचूं शकतो. दारांत पहारेकरी नाहीं. ही मोठी मोकळीक आहे, आणि मोकळिकीबरोबर जी जबाबदारी येते तीही तितकीच मोठी आहे.

माझ्या आवडीचे कार्यक्रम सांगावयाचे तर दोन सांगेन. 'इन अवर टाइम' हा बी.बी.सी. रेडिओवर १९९८ सालीं सुरू झाला व पुढें पॉडकास्टच्या रूपानेंही मिळूं लागला. मेल्विन ब्रॅग यांनीं तो अनेक वर्षें चालविला. एक विषय घ्यावयाचा, त्याचे जाणकार प्राध्यापक बोलवावयाचे आणि पाऊण तासाच्या आंत तो उलगडावयाचा, एवढाच त्याचा थाट. पण विद्वान माणसें एकमेकांचें म्हणणें पुरतें ऐकून घेऊन मग सौम्यपणें मतभेद कसा दाखवितात, हें तेथें शिकावें. दुसरा कार्यक्रम अमेरिकेंतील रोमन मार्स यांनीं २०१० सालीं सुरू केलेला 'नाइन्टी-नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल' हा होय. ज्या वस्तु आपण रोज वापरतों पण कधीं न्याहाळीत नाहीं, त्या अशाच कां घडविल्या, याच्या कथा तो सांगतो. तो ऐकूं लागल्यापासून रस्त्यावरील साधी पाटीसुद्धां मला थांबवूं लागली आहे. ऐकतांना वक्त्याचा चेहरा, पोशाख, वय, वैभव यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. उरतो तो आवाज आणि विचार. म्हणून कोणी नुसता बडबडत असला तर तें कानांना लवकर कळतें.

पुढें आमच्या शाळेंतील आठ विद्यार्थ्यांनीं हट्ट धरला कीं आपणही असा कार्यक्रम मराठींत करावा. यंत्रें, वर्तमानपत्रें व लोकजीवन हे विषय ठरले. भांडवल म्हणाल तर एक मोबाइल, एक स्वस्त मायक्रोफोन व 'ऑडॅसिटी' नांवाचें विनामूल्य मिळणारें सॉफ्टवेअर. हें सॉफ्टवेअर सामान्यतः दर सेकंदास ध्वनीचीं ४४,१०० मापें घेतें. परंतु त्याला बरेंवाईट कळत नाहीं. वक्त्याचा शब्द तें ज्या निष्ठेनें टिपतें, त्याच निष्ठेनें पंख्याची घरघरही टिपतें. पहिल्या दिवशीं ग्रंथालयाच्या खोलींत आवाज फार घुमला. दुसऱ्या दिवशीं मुलींनीं घरून गोधड्या आणून दोरीवर टाकल्या. जाड मऊ कापड ध्वनि शोषून घेतें, हा पदार्थविज्ञानाचा धडा सर्वांना कायमचा पाठ झाला. 'फ' आणि 'भ' उच्चारतांना तोंडांतून निघणारा वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर आदळून धप्प असा आवाज येई. म्हणून त्यापुढें पातळ कापड ताणावें लागलें. व्याकरणांत 'महाप्राण' म्हणून जीं व्यंजनें मुलें नुसतीं घोकीत होतीं, त्यांतील प्राण म्हणजे काय, हें त्यांना त्या दिवशीं कळलें.

एक भाग आम्हीं मराठी छपाईवर केला. तंत्र, वर्तमानपत्र आणि संस्कृति हीं तिन्ही त्यांत एकत्र येतात. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं टाइप घासण्याचें काम करणारे जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना कसा काढला, ही हकीकत मुलांनीं उत्साहानें लिहून काढली. आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा छापखान्यांत जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळविण्यांत त्यांचा जन्म गेला. मुलें त्यांच्याकडे गेलीं व तासभर ध्वनिमुद्रण करून आलीं. तास कापून बारा मिनिटें करावयाचीं होतीं. हें कापणें संगणकावर फार सोपें असतें. ध्वनीची रेघ दिसते, नको तो तुकडा पुसावा, कीं दोन्ही टोकें आपोआप जुळतात.

कापलेला भाग सर्वांनीं मिळून ऐकला. आजोबा म्हणत होते, "संगणक आले आणि हात काळे व्हावयाचे थांबले. बरें वाटलें." तेथें मधुर वाद्य वाजून प्रकरण संपत होतें. तें ऐकून त्यांची नात हळूच म्हणाली, "सर, आजोबा पुढेंही बोलले होते." मूळ ध्वनिमुद्रण लावलें. 'बरें वाटलें' या शब्दांनंतर बराच वेळ शांतता होती, आणि मग खालच्या आवाजांत एक वाक्य होतें: "मग हातांना कामच राहिलें नाहीं."

कापणाऱ्या मुलाचा हेतु वाईट नव्हता. शांतता लांबली होती, आवाज बारीक झाला होता, वेळ कमी होता. "पण सर, कापलेलें ऐकूं येत नाहीं," असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि भय तेंच होतें. कागदावर खाडाखोड केली तर डाग राहतो. कापड कापून शिवलें तर टांका दिसतो. ध्वनीला टांका नाहीं. आजोबांचा प्रत्येक शब्द त्यांचाच होता. तरीही जें ऐकूं येत होतें तें त्यांचें म्हणणें नव्हतें. दहा आज्ञांपैकीं खोट्या साक्षीविषयींची आज्ञा मुलांनीं रविवारच्या शाळेंत अनेकदां ऐकली होती. खरे शब्द वापरूनही ती मोडतां येते, हें त्यांना नवें होतें. फारसा वाद झाला नाहीं. वाद्य काढलें, वाक्य परत घातलें, आणि शांततेला हात लावला नाहीं. प्रसिद्ध करण्यापूर्वीं तो भाग आजोबांना ऐकविला. ते म्हणाले, "मी थांबलों होतों, तेंही ठेवलेंत. चांगलें केलेंत."

पालकांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा. मनुष्याच्या आवाजाचा लहानसा नमुना मिळाला तर त्याच आवाजांत, त्यानें कधीं न उच्चारलेलीं वाक्यें बोलणारीं साधनें आतां सहज मिळूं लागलीं आहेत. अशा काळांत आवाज ओळखीचा आहे एवढ्यावरून विश्वास ठेवतां येणार नाहीं. तो कोणीं, कोणत्या हेतूनें ऐकविला, हें विचारावें लागेल. ही चिकित्सा नुसत्या उपदेशानें येत नाहीं. ज्यानें स्वतः एकदां ध्वनि कापला व जोडला आहे, त्याला दुसऱ्याचें कापणें लवकर संशयास्पद वाटतें. म्हणून आपलीं मुलें मोबाइल घेऊन कांहीं मुद्रित करीत बसलीं तर लगेच रागावूं नये. काय करतां आहांत, तें विचारावें, आणि केलेलें शेवटपर्यंत ऐकावें.

विद्यार्थ्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, बोलावयाची घाई करूं नका. बाल शमुवेल मंदिरांत सेवा करीत असतां त्याला रात्रीं हाक आली. पुढें तो इस्राएलाचा मोठा संदेष्टा झाला. परंतु संदेश सांगण्यापूर्वीं त्याला ती हाक कोणाची, हें ऐकून ओळखावें लागलें. तुमच्या घरींही आजीआजोबा आहेत, शेजारीं सुतार, लोहार, परिचारिका, टपालवाले आहेत. त्यांच्यापाशीं बसा, एक प्रश्न विचारा, आणि ते बोलतां बोलतां थांबले तर मध्येंच दुसरा प्रश्न घालूं नका. पुष्कळदां खरी गोष्ट त्या थांबण्याच्या पलीकडेच असते.