पणजीचं नाव वहीत का नाही

कोरेगाव, जि. सातारा

चि. सोनू,

पाठवलेल्या नकलेत पणजीचं नावच नाही, नुसतं 'मुलगी' लिहिलंय, म्हणून तू हिरमुसलीस. पण नोंद तिचीच आहे. ही नक्कल गाव नमुना 14 ची, म्हणजे आपलं कोतवाल बुक. जन्म किंवा मृत्यू झाला की वर्दी जायची आणि मोडीत नोंद पडायची: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बारसं बाराव्या दिवशी, तोवर वहीचं काम उरकलेलं. नाव मुलग्यांचंही नसे. पण मुलगा त्याच गावात वाढायचा आणि मेला तरी नोंद त्याच वहीत, बापाच्या नावासकट. दोन्ही टोकं जुळायची. मुलगी मात्र एका गावच्या वहीत जन्मायची आणि दुसऱ्या गावच्या वहीत कुणाची तरी बायको म्हणून मरायची. मधला दुवा लग्नाचा, आणि लग्नाची वही सरकारकडे नव्हतीच. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा आला 1953 साली.

पणजीच्या आईची मृत्यूनोंद मी स्वतः पाहिली. 1918 ची दिवाळी, मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात 'ताप', खालच्या ओळीतही 'ताप', पुढच्या पानावरही तेच. ते पान मला एका दमात वाचवलं नाही. आईवेगळ्या पोरीला कोण सांभाळणार, म्हणून अकराव्या वर्षीच तिला खटाव तालुक्यात दिली. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 चा. तोवर तिच्या पदरात लेकरं होती.

2023 पासून मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला पुष्कळ घरांनी ही पानं उलटली. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा उसंत नव्हती. पण सगळे शोधत होते बाप, आजा, पणजा. आज्यापणज्यांच्या आयांना कुणी शोधलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपली पणजी सापडली ती त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. पणजोबा तिथे गेले तेव्हा त्यांनी नामावळीत बायकोचं नाव सांगितलं आणि पुढे माहेर कोरेगाव. त्यावरून मी इथलं बुक उघडलं, तिच्या वडिलांचं नाव आणि साल जुळवलं. नामावळीच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. तू वंशावळ करते आहेस तिच्यात पणजीच्या वर तिच्या आईसाठीही एक घर ठेव. मृत्यूनोंदीत तिचं नाव स्पष्ट आहे.

तुझी,
आत्या