सातवे काडतूस

अमेरिकी सैन्याने 1936 मध्ये स्वीकारलेली एम1 गॅरँड ही अर्धस्वयंचलित रायफल जॉन गॅरँड यांनी स्प्रिंगफिल्ड आर्मरीत घडवली. आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून सबंध आत दाबायची. प्रत्येक बारानंतर बोल्ट मागे जातो, रिकामे कवच बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. त्या क्षणार्धात पुढचे काडतूस नेमक्या उंचीवर, नेमक्या कोनात हजर असावे लागते.

1939 च्या सुमारास एक विचित्र तक्रार पुढे आली. सहा बार सुरळीत उडत. सातवे काडतूस मात्र बोल्टपुढे नाक वर करून अडकून बसे. सातवेच का? तोवर क्लिपमध्ये दोनच काडतुसे उरतात, आपसांतली दाटी संपते आणि काडतूस सरळ ठेवण्याचा भार रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीच्या, आतल्या छोट्या कडेवर येतो. दोष त्या कडेतच सापडला. रचनेत ती बरोबर होती, पण उत्पादन सोपे व्हावे म्हणून कारखान्यातल्या अवजारांत बदल करताना तिचा थोडा धातू छाटला गेला होता. बदल करणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटला असणार, आणि म्हणूनच असा दोष सर्वांत घातक. सैनिकाच्या हातात अडलेली रायफल म्हणजे त्याचा जीव टांगणीला.

पुढच्या रिसीव्हरांत कड पूर्ववत झाली. आधीच्या रिसीव्हरांवर वेल्डिंगने धातू चढवून ती पुन्हा घडवण्यात आली.