सभेला पिस्तूल का नेत नाही?



गेल्या भीमजयंतीला आमच्या मिरवणुकीवर गल्लीच्या तोंडाशी दगड आले. एका ताईच्या कपाळाला चार टाके पडले. रात्री विहारात बैठक बसली तेव्हा एका पोराने उभे राहून विचारले, "दादा, तुम्ही पिस्तूल चालवायला शिकलात ना? मग कमरेला लावून का येत नाही?" त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

शिकलो हे खरे. परवान्यासाठी हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण लागते, म्हणून शिकलो. हत्यार निवडण्याचा प्रश्न तर फारसा येतच नाही. ९ मिमी सामान्य नागरिकाला निषिद्ध, उरते मुख्यतः .३२. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्धा किलोचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत लाखाच्या वर! वस्तीतल्या बाईने लाख कुठून आणायचे, ते मात्र कुणी सांगितले नाही.

पहिल्या दिवशी एकही गोळी झाडू दिली नाही. ट्रिगरवर बोट ठेवायचे नाही आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचे, एवढेच दिवसभर घोकून घेतले. रेंजवर निशाण्यामागे मातीचा उंच बांध होता. पुढे दहा मीटरवरून, निवांत उभे राहून, माझ्या दहापैकी सहा गोळ्या कागदाला लागल्या. मग प्रशिक्षकांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. धापा टाकत झाडल्या, तर दोनच लागल्या. उरलेल्या आठ बांधात गेल्या. सभेत त्या बांधाच्या जागी कोण असते? आपलीच माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या आयाबाया.

कायदाही बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेले असले पाहिजे. ते उगारायला, झाडायला सक्त मनाई. म्हणजे लपवलेले पिस्तूल दगड मारणाऱ्याला दिसत नाही, तो थांबत नाही. उगारले तर गुन्हा आपल्यावर. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दगड गायब होतात आणि आपले पिस्तूल तेवढे उरते.

पोरे मला ब्लॅक पँथरचा दाखला देतात. १९७२ ला आपल्या पँथरने नाव तिथूनच घेतले, म्हणून देतात. त्याहून जवळचा दाखला मी देतो. १९६४ मध्ये लुईझियानातल्या जोन्सबरो गावी काळ्या कामगारांनी 'डीकन्स फॉर डिफेन्स' उभी केली. १९६५ च्या जुलैत बोगालुसाच्या मोर्चात दगड लागलेल्या मुलीला गाडीत घेताना गोऱ्या जमावाने गाडी घेरली आणि एका डीकनने गोळी झाडली. एक गोरा जखमी झाला, पण वाचला. त्याच महिन्यात केंद्र सरकार क्लान आणि स्थानिक पोलिसांविरुद्ध कोर्टात गेले. मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण तिथे शस्त्र बाळगणे हा घटनेतला हक्क, इथे तो सरकारच्या मर्जीवरचा परवाना. त्यांचा मार्ग उचलून इथे ठेवता येत नाही.

आणि महाड? २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांसोबत पलटणीतून निवृत्त झालेले लोक होते. हात उचलायला ते एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. भित्रेपणा म्हणायचा का त्याला?

याचा अर्थ हत्यार आपल्याला नकोच, असा कुणी काढू नये. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण भागात सरकारने इतरांचे शस्त्र परवाने तपासावेत, गरज पडल्यास रद्द करावेत आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तिथे लिहिले आहे. शेतातल्या एकट्या घरात राहणाऱ्या, धमक्या आलेल्या कुटुंबाने तो जरूर मागावा. माझा स्वतःचा अर्ज अकरा महिने एका कार्यालयात पडून आहे. दर सोमवारी जाऊन विचारतो.

येत्या जयंतीला गल्लीच्या तोंडाशी आमची वीस मुले-मुली दोर धरून उभी राहणार आहेत. दोन गच्च्यांवरून चित्रीकरण होईल, मार्गाचे पत्र पोलिसांना आधीच दिले आहे. दर रविवारी सराव चालतो. तो पोरगाही येतो. त्याला माझे अजून पटलेले नाही, पण दोराचे पहिले टोक त्यानेच मागून घेतले आहे.