पीळ सोसणारा पूल

पूल म्हणजे ताठ, भक्कम, जागचा न हलणारा, असंच मी आजवर धरून चालले होते. मग ‘व्हेल’बद्दल वाचलं आणि अक्षरशः झपाटून गेले! भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे: जगात एक पूल असाही होऊन गेला, जो पिळला जावा म्हणूनच बांधला होता.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. नॉर्मंडीत सैन्य उतरवायचं, पण फ्रान्सची बंदरं जर्मनांच्या ताब्यात. मग दोस्त राष्ट्रांनी बंदरच सोबत न्यायचं ठरवलं. त्याचं नाव ‘मलबेरी’. जहाजं खोल पाण्यातल्या धक्क्याला लागणार आणि तिथून ट्रक ‘व्हेल’ या तराफ्यांवर टेकलेल्या तरंगत्या रस्त्यावरून किनाऱ्याला येणार. तिथे भरती-ओहोटीत पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. वर लाटा! एक तराफा डावीकडे कलतो, त्याच क्षणी पुढचा उजवीकडे. मधला पोलादी गाळा ताठ राहिला तर एक तर सांधा तुटणार, नाहीतर तो स्वतः.

ॲलन बेकेट या तरुण ब्रिटिश इंजिनिअरने काय केलं पाहा! गाळा 80 फुटांचा, पण दोन्ही बाजूंच्या तुळया एकमेकींना करकचून जखडल्याच नाहीत, म्हणून अख्खा गाळा लांबीभर पिळला जातो. टोकांना गोलाकार बेअरिंग, म्हणून तो तराफ्यावर कुठल्याही दिशेला कलतो. पाण्याबरोबर रस्त्याची लांबी कमी-जास्त होते, त्यासाठी एकात एक सरकणारा खास गाळा. आणि सगळं धरून ठेवायला बेकेटचाच ‘काइट’ नांगर, जितका ओढाल तितका खोल रुतणारा!

मी लगेच बुटांचं खोकं घेतलं. झाकण चिकटवून पिळलं, जाम हलेना. झाकण काढलं आणि सहज पिळलं गेलं, तरी वजन उचलायला खमकंच! सगळी कल्पना हातात आली.

स्कॉटलंडमधल्या गार्लिस्टन इथे बेकेट आणि त्याचे दोन स्पर्धक, ह्यूज व हॅमिल्टन, यांच्या तीन रचनांची परीक्षा झाली आणि निकाल वादळानेच दिला. ह्यूजच्या रचनेने दम तोडला, हॅमिल्टनचा कापडी ‘स्विस रोल’ वाहून गेला. बेकेटचा रस्ता धडधाकट राहिला!

जून 1944 मध्ये नॉर्मंडीत दोन बंदरं उभी राहिली, एक ओमाहा किनाऱ्यावर, दुसरं अरोमांशला. 19 जूनला सुरू झालेल्या वादळात ओमाहाचं बंदर उद्ध्वस्त झालं. भरकटलेल्या नावाही तिथल्या रस्त्यावर येऊन आदळल्या होत्या. अरोमांशचं बंदर मात्र टिकलं आणि पुढे कित्येक महिने सैन्याला रसद पुरवत राहिलं.

बळकटी म्हणजे ताठपणा नव्हे, हे मला इतक्या ठसठशीतपणे दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही. युद्धानंतर यातले काही गाळे फ्रान्समध्ये नद्यांवरचे पूल झाले, काही नॉर्मंडीत आजही जपून ठेवले आहेत. तिकडे गेलात तर अरोमांशच्या समुद्रातले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे पाहाच, पण एखादा ‘व्हेल’चा गाळा शोधा आणि त्याची टोकं जवळून निरखा. खरी करामत तिथे आहे.